स्क्रीनिंग म्हणजे चाळण, निकाल नव्हे

(आमच्या सामुदायिक रेडिओच्या बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आज आम्ही एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करावी लागेल.

मागच्या हिवाळ्यात याच कार्यक्रमात आम्ही एक सूचना वाचली होती. ‘शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये तीस वर्षांवरील महिलांचं मोफत स्क्रीनिंग आहे. सर्वांनी उपस्थित राहावं.’ कागदावर जसं लिहून आलं तसं आम्ही वाचून दाखवलं. शनिवारी बायका बऱ्याच जमल्या. पण त्यांतल्या काहीजणी लेकरांना चांगले कपडे घालून, सतरंजी काखोटीला मारून आल्या होत्या. ‘पिक्चर कोणता आहे?’ म्हणून विचारत होत्या. समोर नर्सबाई रक्तदाबाचं यंत्र मांडून बसलेल्या. हशा पिकला. काहीजणी थांबल्या, काहीजणी ‘आम्हाला काय झालंय तपासायला?’ म्हणत घरी गेल्या.

गोष्ट एवढ्यावरच संपली असती, तर आज आम्हीही हसतच सांगितली असती. पण चार महिन्यांनी आमच्याकडे एक मावशी आल्या. त्या दिवशी थांबून त्यांनी तपासणी करून घेतली होती. त्यांना एक चिठ्ठी मिळाली होती. तिच्यावर ‘स्क्रीनिंग पॉझिटिव्ह, पुढील तपासणीसाठी पाठवले’ असं लिहिलेलं. मावशींनी ती चिठ्ठी शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवून दिली. घरात कुणालाही सांगितलं नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला, आता काही उपयोग नाही, आणि लेकीचं लग्न ठरत असताना हे बाहेर पडायला नको, असा त्यांनी हिशोब केला. चार महिने ते ओझं एकटीनं वाहिलं.

मावशींचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी आम्हाला कळलं, की चूक मावशींची नव्हती. स्क्रीनिंग म्हणजे काय, हे न सांगता आम्ही तो शब्द माइकवरून सोडून दिला होता. म्हणून आज हा शब्द नीट उलगडून बघू.

एक शब्द, तीन कामं

इंग्रजीतला ‘स्क्रीन’ हा शब्द जुना आहे. थंड देशांत घरात शेकोटी पेटलेली असे. तिची धग थेट अंगावर येऊ नये म्हणून मधे एक आडोसा उभा करत, तो स्क्रीन. म्हणजे पहिला अर्थ आडोसा, पडदा. दवाखान्यात दोन खाटांमध्ये असतो तो हिरवा पडदा म्हणजे हाच स्क्रीन. खिडकीला डास येऊ नयेत म्हणून लावतो ती जाळीसुद्धा त्याच घरातली.

दुसरा अर्थ आपल्या जास्त ओळखीचा आहे. ज्याच्यावर चित्र दिसतं तो पडदा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तो आपल्या देशातला चित्रपटाचा पहिला खेळ. पुढे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. त्याआधी २१ एप्रिलला निमंत्रित पाहुण्यांसाठी त्याचा एक खास खेळ झाला होता. असं चित्रपट दाखवणं म्हणजेही स्क्रीनिंग. त्यामुळे सतरंजी घेऊन आलेल्या आमच्या मैत्रिणी काही चुकल्या नव्हत्या. त्यांनी त्या शब्दाचा एक खरा अर्थच घेतला होता.

तिसरा अर्थ चाळणीचा. कोळसा, खडी, वाळू चाळायच्या मोठ्या जाळीलाही इंग्रजीत स्क्रीनच म्हणतात. बांधकामावर गवंडी तिरकी जाळी उभी करतो आणि घमेल्याने वाळू तिच्यावर फेकतो, आठवतंय? बारीक वाळू पलीकडे पडते, खडे अलीकडे राहतात. दवाखान्यातलं, नोकरीतलं, परीक्षेतलं स्क्रीनिंग या चाळणीच्या अर्थानं असतं.

गंमत म्हणजे मराठीत याला चांगले शब्द आहेतच. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारी आपली मुलं ‘चाळणी परीक्षा’ म्हणतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या मैत्रिणींना उमेदवारी अर्जाची ‘छाननी’ माहीत आहे. चाळणं, छाननी, पाखडणं, निवडणं ही कामं आपले हात रोज करतात.

चाळण काय करते, काय करत नाही

आता जरा स्वयंपाकघरात जाऊ. गहू चाळायची चाळण वेगळी, रव्याची वेगळी, मैद्याची वेगळी. मैद्याच्या चाळणीत गहू चाळायला कुणी घेणार नाही. जाड चाळणीतून बारीक खडा निसटतो. फार बारीक चाळण घेतली तर चांगलं धान्यही वर अडकून बसतं. म्हणून चाळणीवर जे राहिलं ते सगळं फेकायचं नसतं. ताटात घेऊन पुन्हा निवडायचं असतं. आणि जे खाली पडलं त्यातही एखादा खडा असू शकतो, म्हणून तांदूळ धुताना आपण पुन्हा घोळून घेतो.

स्क्रीनिंगचं मर्म एवढंच आहे. चाळण फक्त दोन ढीग करते. ‘पुढे बघायला हवं’ हा एक आणि ‘आत्ता तरी बघायची गरज दिसत नाही’ हा दुसरा. चाळण निकाल देत नाही.

चाळणी परीक्षेत पास झालं म्हणजे नोकरी लागली असं होत नाही. ते गुण शेवटच्या यादीत धरतही नाहीत. ती फक्त मुख्य परीक्षेला बसायची परवानगी असते. छाननीत अर्ज टिकला म्हणजे निवडणूक जिंकली असं नाही. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत यंत्र वाजलं म्हणजे बाई चोर ठरत नाही. बहुतेक वेळा हातातल्या बांगड्याच असतात. मग महिला कर्मचारी पडदा लावलेल्या खोपट्यात नेऊन हाताने तपासते आणि सोडते. यंत्र वाजणं हे स्क्रीनिंग आणि हाताने तपासणं ही खरी खात्री.

कोरोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर धरायचं ते यंत्रही आठवा. ताप असेल त्याला बाजूला काढायचे. पण ताप नसलेल्याला कोरोना नाहीच, असं होतं का? नव्हतं. लागण होऊनही ताप न आलेले कितीतरी जण त्या चाळणीतून सहज आत गेले. आणि ज्याला बाजूला काढलं त्याला कधी साधा फ्लू असायचा, कधी तो नुसता उन्हातून चालत आलेला असायचा.

तक्रार नसताना तपासणी कशाला?

दवाखान्यातलं स्क्रीनिंग आणि नेहमीची तपासणी यांत एक मोठा फरक आहे. आपल्याला दुखतं, रक्त जातं, गाठ लागते, तेव्हा आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर कारण शोधतात. त्याला निदान म्हणतात. स्क्रीनिंग हे ज्यांना काहीही तक्रार नाही अशांचं असतं. ‘आम्हाला काय झालंय?’ म्हणून परत गेलेल्या मैत्रिणींना हेच सांगायचं राहून गेलं. काही झालेलं नाही म्हणूनच ते असतं.

इथे दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अंगावरून पाळी सोडून मधेच रक्त जातं, संबंधानंतर रक्त जातं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, स्तनात गाठ लागली, तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर शिबिराची वाट बघत बसायचं नाही. ते काम स्क्रीनिंगचं नाही, सरळ डॉक्टरांचं आहे.

सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या सर्वांसाठी पाच गोष्टींचं स्क्रीनिंग ठरलेलं आहे. ते म्हणजे रक्तदाब, साखर, तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. रक्तदाब आणि साखर दरवर्षी, बाकीच्या तीन दर पाच वर्षांनी. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू-मिश्रीची सवय, कमरेचा घेर, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह आहे का, असे प्रश्न असतात. उत्तरांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले तर तपासणीला आधी बोलावतात. म्हणजे तो फॉर्म हीच पहिली चाळण. आशाताई मिश्रीबद्दल विचारतात ते चहाडी करायला नव्हे. तेव्हा खरं सांगावं.

मिश्री लावणाऱ्या मैत्रिणींनी तोंडाची तपासणी तर मुळीच टाळू नये. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसती उजेडात नीट पाहिली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांश कमी झाले. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुई नाही, यंत्र नाही, फक्त उजेड आणि शिकलेले डोळे.

व्हिनेगर आणि एक मिनिट

गर्भाशयमुखाच्या तपासणीला आपण सगळ्यात जास्त लाजतो आणि घाबरतो, म्हणून ती नीट सांगतो. आपण टेबलावर झोपायचं. योनीमार्ग थोडा उघडा राहावा म्हणून एक साधन बसवतात. मग पातळ केलेल्या व्हिनेगरसारख्या द्रवात, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये, भिजवलेला बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावतात आणि एक मिनिट थांबतात. जिथे पेशी बदललेल्या असतात तिथे पांढरा चट्टा उठतो. जरासं झोंबतं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. पाळी चालू असताना किंवा गरोदरपणात ही तपासणी करत नाहीत, म्हणून तसं काही असेल तर आधी सांगावं.

दुसरी तपासणी पॅपची. ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या डॉ. पापानिकोलाउ यांच्या नावावरून ‘पॅप’. यात तिथल्या पेशी अलगद खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या शोधामागे त्यांची पत्नी मेरी होती, हे फार कमी जणींना माहीत असतं. आपल्याच पेशींचे नमुने ती वर्षानुवर्षं त्यांना देत राहिली. ‘पॅप’ हे नाव नवऱ्याचं असलं तरी निम्मं श्रेय तिचं आहे.

तिसरी तपासणी एचपीव्हीची. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा या विषाणूमुळे होतो. तो तिथे आहे का, हे ही तपासणी दाखवते. इथे एक गोष्ट समजून घ्या. हा विषाणू फार सर्वसाधारण आहे आणि बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. त्यामुळे एचपीव्ही सापडला म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, आणि बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याचा तो दाखलाही नाही. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे आपल्याला बरीच वर्षं मिळतात. ती डब्यात ठेवून घालवायची नसतात.

आपल्याच बायकांनी दिलेलं उत्तर

याचा खरंच उपयोग होतो का, याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांनी जगाला दिलेलं आहे. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगरची, आणि चौथ्या गटाला फक्त माहिती दिली. प्रत्येकीची तपासणी एकदाच. मग आठ वर्षं पाठपुरावा. २००९ मध्ये निष्कर्ष आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. म्हणजे मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. चौथ्या गटाची तपासणी का केली नाही, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती करणाऱ्यांचं म्हणणं आम्हालाही विचारात पाडतं. आज आपल्याला जी खात्री मिळाली आहे तिच्यात त्या चौसष्ट जणींचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीनं मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. मग ती निरुपयोगी का? तर नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये दुसरा अभ्यास केला. तिथे किमान दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनीच तपासणी केली. पण एकदा नव्हे, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा. तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. चाळणीची भोकं जरा मोठी असली तर धान्य दोन-तीनदा चाळावं लागतं, तसंच हे. ‘मी पाच वर्षांपूर्वी केली होती, आता कशाला?’ याचं उत्तर यात आहे.

एवढं असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात काय दिसलं? देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या.

चिठ्ठीवरचा ‘पॉझिटिव्ह’

आता मावशींच्या डब्यातल्या चिठ्ठीकडे येऊ. एक साधा हिशोब करू. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, हजार बायकांची तपासणी केली. त्यांतल्या दहाजणींना खरोखर उपचार लागेल असा बदल आहे. आपल्या चाळणीनं त्यांतल्या आठ पकडल्या, दोन निसटल्या. शिवाय जंतुसंसर्ग, सूज अशा दुसऱ्याच कारणानं चट्टा दिसलेल्या पन्नास जणीही चाळणीवर राहिल्या. म्हणजे चिठ्ठी मिळाली अठ्ठावन्न जणींना. त्यांतल्या आठजणींनाच उपचार लागणार. सातातली साधारण एक. आणि तिलाही बहुधा कॅन्सर नव्हे, तर कॅन्सरच्या आधीची पायरी. ती तिथेच थांबवता येते.

पण त्या सातांतली आपण कोणती, हे चिठ्ठी सांगत नाही. त्यासाठीच पुढच्या तपासणीला जायचं. भिंगातून पाहून, गरज वाटली तर लहानसा तुकडा काढून तपासतात. ते निदान.

या हिशोबातल्या निसटलेल्या दोघींनाही विसरू नका. त्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणून सांगितलं गेलं. म्हणून निगेटिव्ह आलं तरी पुढच्या वेळी जायचं, आणि मधे काही त्रास झाला तर ‘माझं निगेटिव्ह होतं’ म्हणून थांबायचं नाही.

अजून एक इशारा, आणि तो आम्ही मुद्दाम मोठ्यानं देतो. पांढरा चट्टा दिसला म्हणजे पिशवी काढून टाकायची असा अर्थ होत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ‘कॅन्सर होईल’ या एका वाक्याच्या भीतीनं किती बायका टेबलावर जाऊन झोपल्या, हे तेव्हा बाहेर आलं. कॅन्सरच्या आधीच्या बदलावर बहुतेक वेळा फक्त तेवढा भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नाहीसा करतात. काही मिनिटांचं काम, भूलही लागत नाही. कुणी चाळणीवरच्या दाण्याकडे बघूनच पोतं फेकायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि प्रत्येक गोष्ट चाळत बसायचंही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ सालीच कशाचं स्क्रीनिंग करावं याच्या कसोट्या छापल्या होत्या. आजार महत्त्वाचा हवा, लवकर ओळखता येणारा हवा, तपासणी लोकांना पेलणारी हवी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सापडल्यावर उपचार मिळायला हवा. गावात मोटारीतून येऊन ‘सगळ्या शरीराची तपासणी सवलतीत’ म्हणणाऱ्यांना हाच प्रश्न विचारा. सापडलं तर पुढे कोण बघणार? कुठे? खर्च किती?

चाळणीचा शिक्का होऊ नये

सिकलसेलचं उदाहरण सांगतो. नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतल्या मैत्रिणींना हे चांगलं ठाऊक आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि गावोगाव रक्ततपासणी होते. आधी एक साधी चाचणी, मग खात्रीची दुसरी. त्यात कुणी ‘वाहक’ निघतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे. ती मुलगी शेतात राबते, शिकते, संसार करते. फक्त दोघंही नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते, की बाळाला आजार होईल. ही माहिती लग्नाआधी, निदान बाळाआधी असावी म्हणून ती तपासणी आहे. मुलीचं लग्न मोडण्यासाठी नव्हे. आणि तपासायचं तर मुलाचंही रक्त तपासायचं. एकट्या मुलीचं तपासून काय कळणार?

म्हणून आम्हाला पुन्हा त्या पहिल्या अर्थाकडे यावंसं वाटतं. आडोशाकडे. चाळणीला आडोसा हवाच. तपासणीच्या वेळी पडदा हवा, तो नसेल तर मागून घ्या. महिला कर्मचारी हवी, असं म्हणायला लाजू नका. निकाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू नका, मला बाजूला सांगा, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्या परवानगीशिवाय तो घरच्यांनाही सांगता येत नाही. मावशींनी चिठ्ठी डब्यात का लपवली? तो आडोसा त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला नाही म्हणून.

आता शिबिराला गेलात तर तीन प्रश्न विचारा. हे स्क्रीनिंग कशाचं आहे? चिठ्ठी मिळाली तर पुढे कुठे, कोणाकडे जायचं? आणि निगेटिव्ह आलं तर पुन्हा कधी यायचं? उत्तर समजेपर्यंत उठायचं नाही.

मावशींचं सांगायचं राहिलं. आमच्यातली एक त्यांच्यासोबत सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. पुढची तपासणी झाली. कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती. तेवढा भाग गोठवला, आणि संध्याकाळच्या एसटीनं दोघी परत आल्या. वर्षानं पुन्हा दाखवायला बोलावलं आहे. लेकीचं लग्नही ठरल्या तिथीला झालं. जाताना मावशी एवढंच म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही आधीच चाळण म्हणाला असता तर मला कळलं असतं की.’

म्हणून आमच्या केंद्रात आता असं ठरलं आहे. कुठलीही सूचना आली, की आधी ती आमच्यातल्याच कुणाला तरी वाचून दाखवायची आणि ‘काय कळलं?’ म्हणून विचारायचं. पुढच्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये पुन्हा शिबिर आहे. या वेळी आम्ही सूचना अशी वाचणार आहोत : ‘तीस वर्षांवरील बायकांची, काही त्रास नसतानाची चाळणी तपासणी. पडद्याची सोय आहे. चिठ्ठी मिळाली तर घाबरायचं नाही, पुढे सोबत यायला आम्ही आहोत.’

सतरंजी आणली तरी चालेल. नंबर लागेपर्यंत बसायला होईल.